बाकीचा अमरावतीहून आल्यावर

त्यांच्या शिट्टीत गोळी नव्हती. कधीकाळी असणार, पण मी त्या शाळेत रुजू झाले तेव्हा ती पडून बरीच वर्षं झाली होती. शिट्टी फुंकली की नुसतं फुस्स. म्हणून सर ती ओठांत धरायचे आणि तिच्या कडेनं स्वतःच ‘फुर्रर्र’ असं ओरडायचे. मग रुमालानं पुसून, जणू तिनंच सगळं काम केलं अशा थाटात, खिशात ठेवायचे.

मी एकदा म्हटलं, “सर, नवी का घेत नाही?”

“हिले कामावरून काऊन काढू मॅडम? वाजत नाही, हे खरं. पण हजर तं राह्यते.”

सगळी स्टाफरूम हसली. मी हसले नाही. त्या काळात मी हसत नसे.

त्या काळातली मी म्हणजे काय चीज होते, ते आधी सांगून टाकते. वय चोवीस. बी.ए., बी.एड., विषय इंग्रजी. बुलढाण्यातल्या एका कारकुनाची मुलगी, म्हणजे स्वतःच्या मते थेट पुण्याहून उतरलेली. कडक खळीची साडी, खांद्याला पर्स, आणि मेहकर तालुक्यातल्या ज्या गावात एसटीतून उतरून शाळेपर्यंत दीड मैल धुळीतून चालावं लागे, तिथं डोळ्यांवर काळा गॉगल. रस्त्यातल्या म्हशी मला पाहून बिथरायच्या. मला वाटायचं, दबदबा आहे.

माझ्याकडे एक वही होती. तिच्यावर मी लिहिलं होतं : ‘सुधारणा करण्यासारख्या बाबी’. पहिली तेरा पानं एकट्या सरांची होती.

पान एक, शिट्टी. पान दोन, खिसा. त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम शेंगदाणे आणि गूळ. शाळा सुटेपर्यंत तो गूळ विरघळून खिशाला चिकटायचा, आणि सर जिथं उभे राहतील तिथं थोड्या वेळानं मुंग्यांची रांग लागायची. ते रांगेच्या बाजूला सरकून उभे राहायचे. मुंग्यांना कधी झटकायचे नाहीत. पान तीन, भाषा. मुलींनी ‘काऊन’ म्हटलं की मी टेबलावर पट्टी आपटून ‘का’ म्हणायला लावायची. सर एकदा व्हरांड्यातून जाता जाता थांबले.

“मॅडम, ‘का’ म्हटलं का अर्धंच विचारल्यासारखं वाटते. ‘काऊन’ म्हटलं का समोरच्याले बसून उत्तर द्या लागते.”

हेही मी वहीत उतरवून घेतलं. तक्रार म्हणून.

सर ड्रिलचे. पण त्यांचा जीव हॉकीत, आणि तीही मुलींच्या. आमच्या गावात हॉकी कशी आली याची एक गोष्ट होती. शाळेनं लेझीम मागवल्या होत्या. खोकं उघडलं तर आत अकरा हॉकी स्टिका. हेडसर म्हणाले, परत पाठवा. सर म्हणाले, “आल्या तशा पाहुण्या. चहा न पाजता परत पाठवता का?” आणि खोकं ठेवून घेतलं. स्वतः ते जन्मात कधी हॉकी खेळले नव्हते.

मी आले तेव्हा त्या अकरातल्या पाच मोडल्या होत्या. त्यांच्या जागी बाभळीच्या. सर सायकलवरून जाता-येता शेतांच्या बांधावरच्या बाभळी निरखायचे. टोकाला बरोबर वाकलेली फांदी दिसली की तिला लाल चिंधी बांधून ठेवायची, म्हणजे कोणी सरपणाला तोडू नये. फांदी जाड झाली की गावातला सुतार ती कापून, तासून द्यायचा. आता बांधावरच्या झाडाला लाल चिंधी दिसल्यावर येणारी-जाणारी माणसं काय करणार? कोणी हळदकुंकू लावलं, कोणी नारळ ठेवला. वर्षाभरात त्या बाभळी नवसाला पावायला लागल्या. सर नारळ गोळा करून आणायचे आणि सरावानंतर मैदानावरच फोडायचे.

“सर, ही अंधश्रद्धा आहे!” मी म्हटलं. “तुम्ही लोकांना खरं सांगायला हवं.”

“सांगतो ना मॅडम. पण नारळ येऊन राह्यले, अन् पोट्ट्यायले पळून पळून भूक लागते.”

पान सात.

आता सिनेमे. माझा गुन्हा तिथलाच.

हॉकी सर शिकले ती सिनेमे पाहून. डोणगावला त्यांचा एक भाचा व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं द्यायचा. त्याच्याकडे कुठूनशा तीन परदेशी कॅसेटी आल्या होत्या, तिन्ही हॉकीच्या, आणि तिन्हींत काही ना काही जादू. एकीत वीज पडलेल्या झाडाची स्टिक होती. ती हातात घेतली की चेंडू आपोआप मागं यायचा. दुसरीत एक कुत्रा होता आणि संघाचा कप्तान त्याच्याशी बोलायचा. तिसरी आमची. तिच्याबद्दल पुढं सांगते. भाषा इंग्रजी, तीही नाकातली. गावात कोणाला एक अक्षर कळायचं नाही. आणि हॉकी आपली नव्हे, बर्फावरची.

मी विचारलं, “आपल्याकडच्या हॉकीचं काही नाही का मिळत?”

“मिळंल. पण बिनजादूचा हॉकीचा सिनेमा काय पाहाचा मॅडम? थे तं आपून रोजच खेळतो.”

महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटली की बैलगाडीतून, गोधडीत गुंडाळलेला टीव्ही यायचा. व्हीसीआर सरांच्या सायकलच्या कॅरिअरवर. सातवीच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, संघातल्या पोरी खाली बसायच्या, आणि सर टीव्हीचा आवाज पार बंद करून, हातात छडी घेऊन बाजूला उभे राहायचे. सिनेमा ते स्वतः बोलायचे. सगळ्यांचे आवाज. शिट्टीसकट.

“हां, पाह्य वं. हा जाड्या म्हणजे आपला पोलीस पाटील. हा लंबू म्हणजे तलाठी, कोणाचंच ऐकत नाही. पाटील म्हणते, मले पास दे. तलाठी म्हणते, अर्ज करा. तेवढ्यात... गेला चेंडू!”

“सर, खाली हे पांढरं काय हाये?” कोणीतरी विचारायचं.

“मीठ.”

“लोणारच्या तळ्याच्या काठाले असते तसं?”

“तसंच. पण इथं तळंच्या तळं वाळलं.”

“अन् चेंडू काऊन चपटा हाये?”

“लय खेळला बिचारा. झिजला.”

मी दारात उभी राहून कपाळाला हात लावायची. आणि सिनेमा कधी पुरा नाही. शेवटच्या मॅचला तोंड लागलं की सर खटकन बटण दाबायचे. पोरी ओरडायच्या, “सऽऽर, बाकीचा?”

“बाकीचा अमरावतीहून आल्यावर.”

म्हणजे तालुका जिंकायचा, मग जिल्हा, मग विभागाच्या सामन्यांना अमरावतीला जायचं. आणि तिथून आलं की तिन्ही सिनेमांचे शेवट एका बैठकीत. असा करार.

तर ती तिसरी कॅसेट. तिच्यात एका बर्फाळ गावातला पोरगा गोलकीपर होता, भित्रा. आणि त्याच्या मागं, गोलच्या आत, डाव्या खांबाला हात लावून एक सावली येऊन उभी राहायची. डोक्यावरून राखाडी घोंगडं ओढलेलं, चेहरा दिसत नाही. ती आली की खांब निळा व्हायचा आणि पोरगा निर्धास्त पुढं धावायचा.

“ही कोण, सर?”

“त्याची माय,” सर सांगायचे. “मेलेली. पण पोराची मॅच असली का येते.”

हे सर सगळ्यांना सांगायचे, पण ते होतं एकीसाठी. मंदासाठी.

मंदा आमची गोलकीपर. दहावीत. आई दोन वर्षांपूर्वी तापानं गेलेली, घरात बाप आणि आजी. अंगानं काटक, हात मोठे, डोळे सारखे दचकलेले. तिची पायातली पॅडं सरांनी गोणपाटात कापूस ठासून शिवली होती. पडली तरी लागायचं नाही, पण उठायला दोघी लागायच्या. तिचं एकच वांधं होतं. गोलची रेघ ती सोडायची नाही. समोरून कोणी चेंडू घेऊन आलं की ही मागं मागं सरकून जाळ्याला चिकटायची. गोलकीपरनं उलट पुढं यायचं असतं. पुढं आला की समोरच्याला गोल लहान दिसतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला फक्त इंग्रजी माहीत होतं.

सर मैदानाच्या कडेनं पळत ओरडायचे, “मंदे, मागं माय हाय! तू पुढं जाय!”

आणि ती जायची. खरंच जायची. कापसाची पॅडं फदफद आपटत अशी सुटायची की समोरची पोरगी स्टिक टाकून बाजूला व्हायची. त्या वर्षी तालुक्याच्या चार सामन्यांत तिनं एकही गोल होऊ दिला नाही.

तिच्यासाठी रोहिणखेडचं स्थळ आलं होतं. दहावीची परीक्षा झाली की बार उडवायचा, असं बापाच्या मनात. सर त्यांच्या घरी तीन वेळा जाऊन बसले. अमरावतीला मुलींचं क्रीडा वसतिगृह होतं. विभागाला खेळलेल्या पोरीला तिथं जागा मिळायची, शिक्षणही व्हायचं. तिसऱ्या खेपेला बाप म्हणाला, “अमरावतीपर्यंत गेली तं पाहू सर. नाही तं मले थांबवू नका.” सरांनी हात पुढं केला, त्यानं हातावर हात मारला. मला हे सरांनीच सांगितलं, गूळ खाता खाता, फार खुशीत. म्हणजे त्या जिल्ह्याच्या मॅचवर काय अवलंबून होतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मग मी काय केलं? मॅच चार दिवसांवर असताना ती कॅसेट सरांकडून मागून घेतली. बुलढाण्याला घरी गेले, शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर ती पूर्ण पाहिली, आवाज चालू ठेवून, मांडीवर वही घेऊन. संवाद ऐकून ऐकून उतरवले. आणि मला सापडलं! ती सावली आई नव्हतीच. बर्फाच्या मैदानाचा एक म्हातारा चौकीदार होता तो, दारू पिऊन पिऊन मेलेला. शेवटही पाहिला. शेवटच्या मॅचला पोरगा मागं वळून बघतो, तर खांब साधा, गोल रिकामा. पोरगा एक क्षण थबकतो, मग आपला आपणच पुढं धावतो आणि जिंकतो.

मला काय आनंद झाला म्हणता! मी म्हटलं, हेच तर! पोरीला खोट्या आधाराची गरज नाही. तिला सत्य सांगितलं की तीही अशीच पुढं धावेल.

हे मी मोठ्या तत्त्वानं स्वतःला सांगितलं. पण आता लपवून काय करायचंय? माझ्या इंग्रजीच्या तासाला त्याच पोरी जांभया द्यायच्या. सरांच्या समोर बसल्या की त्यांचे चेहरे उजळायचे. मला ते बघवत नव्हतं. त्या जळफळाटाला मी विज्ञानाची साडी नेसवली, खळ घालून.

तो शनिवार. मी हेडसरांना मुद्दाम बोलावून घेतलं. नववी-दहावीची पोरंही बोलावली. सगळ्यांचं प्रबोधन व्हायला हवं ना. सरांनी छडी घेतली, सावली पडद्यावर आली, आणि ते म्हणाले, “पाह्य, आली माय...”

“थांबा सर,” मी म्हटलं. पुढं जाऊन टीव्हीचा आवाज मोठा केला आणि वही उघडली. “मुलींनो, ही आई नाही. हा एक दारुडा चौकीदार आहे. पोराच्या आईचा या सिनेमात उल्लेखसुद्धा नाही. आणि भूत वगैरे काही नसतं. हे खालचं मीठ नाही, बर्फ आहे. तुम्हांला काहीही सांगितलं जातं आणि तुम्ही विश्वास ठेवता!”

 मग मागून एका पोरानं आवाज दिला, “मंदे, तुही माय दारुडा चौकीदार निघाली का बे!”

अख्खी खोली फुटली. हेडसरसुद्धा रुमालात हसले. मंदानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत बसली. मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते वाद घालतील. माझी उत्तरं तयार होती, क्रमांक घातलेली.

सरांनी बटण दाबलं. म्हणाले, “मॅडमचं इंग्रजी पक्कं हाये. बरोबरच असंल.” आणि खिडक्यांच्या घोंगड्या एकेक करून काढायला लागले. उजेड आला. त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे दिसले आणि मला पहिल्यांदा कसंसंच झालं. पण मी वही मिटून ताठ बाहेर पडले. ताठ चालायची मला फार सवय होती.

जिल्ह्याची मॅच बुलढाण्याला. मीही गेले, मुलींसोबत बाई पाहिजे म्हणून. मंदाचा बाप आला होता, पांढरी टोपी घालून, मैदानाच्या कडेला उकिडवा बसला होता.

पहिला गोल पाचच मिनिटांत झाला. मंदा रेघेवर. दुसरा झाला तेव्हाही रेघेवर. समोरून पोरगी चेंडू घेऊन आली की ती एक पाऊल पुढं टाकायची आणि थांबून मागं वळून बघायची. मग जाळ्याला चिकटायची. आमच्याच शाळेची पोरं कडेला उभी होती, त्यांनी सुरू केलं, “चौकीदार! ए चौकीदार! आला का बे?” मी त्यांना दटावलं. पण शब्द माझाच होता.

सर कडेनं पळत होते. “मंदे, पुढं! पुढं जाय!” आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडापर्यंत आलेलं मी पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मिटलं.

मी ओरडू शकले असते. तीन शब्द होते. मागं माय हाय म्हणून. मी गॉगल सारखा केला.

तिसरा गोल झाला तेव्हा मंदानं मागं वळून पाहिलं ते चेंडूकडे नव्हे. डाव्या खांबाकडे. तिथं कोणी नव्हतं. सिनेमात इथून पुढं पोरगा धावत सुटतो. मी वाट पाहत होते, खरंच वाट पाहत होते, की आता ही धावेल. ती हळूहळू खाली बसली, आणि त्या कापसाच्या पॅडांमुळे तिला उठता येईना. दोघींनी येऊन उठवलं.

सिनेमावर विश्वास ठेवणारी त्या सगळ्यांत एकच होती. ती बी.एड. होती.

मॅच संपल्यावर बाप उठला, धोतर झटकलं. “झालं ना सर आता?”

“झालं,” सर म्हणाले.

परतीच्या एसटीत सरांनी नेहमीसारखा खिशातून गूळ-दाणे काढून प्रत्येकीच्या हातावर ठेवले. माझ्यापाशी आले. मला वाटलं, मला वगळतील. वगळलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याही हातावर ठेवले, इतरांएवढेच. त्या गुळाला दोन मुंग्या होत्या. मी तो खाल्ला, मुंग्यांसकट. तोंड उघडावं लागू नये म्हणून.

त्यानंतर कॅसेटी आल्या नाहीत. पुढच्या वर्षी हॉकीही नाही. सरांनी स्टिका पुसून, तेल लावून, पुन्हा खोक्यात ठेवल्या. मंदाचं मे महिन्यात लग्न झालं. सर जेवायला गेले होते. मी गेले नाही, डोकं दुखत होतं म्हणाले. बाभळींवरच्या चिंध्या मात्र तशाच राहिल्या आणि लोक नारळ ठेवत राहिले. ते आणायला आता कोणी जात नव्हतं.

बदली होऊन निघाले त्या दिवशी एकदाच धीर केला. सर सायकलच्या चाकात हवा भरत होते.

“सर, त्या शनिवारी तुम्ही मला काहीच का नाही बोललात?”

“काय बोलू मॅडम? तुमी खरं बोलून राह्यल्या होत्या. खऱ्याले काय उत्तर देता?” मग पंप बाजूला ठेवून म्हणाले, “गाडीची येळ झाली. चाला, बॅग धरतो.”

आणि दीड मैल माझी बॅग कॅरिअरवर ठेवून सोबत चालत आले. रस्ताभर बोलले ते पावसाबद्दल. ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं, कोणाच्या तरी लग्नात, वाढपी भात वाढत असताना.

मागच्या वर्षी मेहकरच्या एसटी स्टँडवर होते, चिखलीच्या गाडीची वाट पाहत. गुडघे दुखतात आता. बाकावर जागा नव्हती म्हणून शेडच्या लोखंडी खांबाला टेकून उभी राहिले. तेवढ्यात एक दणकट बाई, केसांत पांढरी बट, हातात मेथीनं भरलेली पिशवी, समोर येऊन थांबली.

“मॅडम! तुमचा गॉगल कुठं गेला?”

हातांवरून ओळखलं. मोठे हात.

“मंदा!”

“हाव, मीच. ओळखलं ना! चिखलीले जाऊन राह्यली, नणदेकडं.” तिनं पिशवी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. रोहिणखेडला दुधाचं संकलन तिच्याकडं आहे, दोन पोरं मार्गी लागली, नवरा शांत आहे, “जरा जास्तच शांत”. हसत होती. मला मात्र ते तीस-पस्तीस वर्षं पोटात धरून ठेवलेलं आता धरवेना.

“मंदा, मी त्या दिवशी... तुमच्या सगळ्यांसमोर... तुम्हांला वाटत होतं ते खरं, आणि मी...”

“काय वाटत होतं?”

“हेच, की ती आई आहे. मीठ आहे.”

मंदा माझ्याकडे बघतच राहिली. मग कमरेवर हात ठेवून हसली, अशी की बाकावरची माणसं वळली.

“अवो मॅडम, बर्फ आमाले समजत नव्हता का? जत्रेत गोळा खात होतो ना आमी! थो चौकीदार हाये हेही ठाऊक होतं. पहिल्या बारीले सरनं कोणाले तरी इचारून चौकीदारच सांगतलं होतं. मीच म्हटलं, सर, तिले माय म्हणा ना.”

मी शेडचा खांब धरला.

“सगळ्या पोट्ट्यायले माहीत होतं,” ती म्हणाली. “आमी कोणी बोलत नव्हतो, एवढंच.” तिचं हसू थोडं खाली आलं. “मॅडम, तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. बोलल्या थे खरंच होतं. पण सगळ्यायसमोर बोलल्यावर मंग मागं पाहून खेळता आलं नाही मले. लाज वाटली. अन् खेळायचं लय मन होतं माहं.”

तेवढं तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, पिशवीतली मेथी सारखी करत.

चिखलीची गाडी लागली. लोक धावले. मंदानं पिशवी उचलली, दोन पावलं गेली आणि परत आली.

“मॅडम, एक सांगा. तुमी थो पुरा पाह्यला होता ना? आमी अमरावतीले गेलोच नाही. शेवट काय होता हो?”

खरा शेवट मला पाठ होता. पोरगा वळून बघतो, खांब साधा, गोल रिकामा. तीस-पस्तीस वर्षं रोज पाठ केल्यासारखा.

“शेवटी...” मी म्हटलं. “शेवटी ती येते. त्याची आई. म्हणजे... आधी दिसत नाही. त्याला वाटतं, नाही आली. पण असते. खांबाला हात लावून. मग तो... पुढं जातो. आणि ती... ती तिथंच उभी राहते. मॅच संपेपर्यंत. हो. संपल्यावरसुद्धा.”

 वर्गात तोंडी परीक्षेला उभं केलेल्या पोरीसारखी मी तिच्याकडे बघत होते.

मंदानं मान तिरकी करून माझं तोंड न्याहाळलं.

“तुमाले खोटं बोलता येत नाही, मॅडम. आताबी नाही.” मग पदर खोचून घेतला. “पण सरबी पहिल्या बारीले तिले माय म्हणतांनी असेच अडखळले होते.”

कंडक्टरनं घंटी मारली. ती गर्दीत खांदा घालून आत शिरली आणि खिडकीतून तिचा तो मोठा हात बाहेर आला. गाडी वळण घेऊन दिसेनाशी झाली तरी मी खांबाला हात लावून तिथंच उभी होते. मग आठवलं, मलाही त्याच गाडीनं जायचं होतं.